कुत्रा, मांजर, घोडा आणि मेथोकार्बामॉल : स्नायू सैल करणारं औषध पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी

पाठ आखडलेल्या कुत्र्याला घेऊन तुम्ही दवाखान्यात जाता. डॉक्टर तपासतात, चिठ्ठीवर ‘मेथोकार्बामॉल’ लिहितात आणि केमिस्ट तुमच्या हातात माणसांच्या गोळ्यांची पट्टी ठेवतो. पहिली शंका तिथंच येते : माणसांची गोळी कुत्र्याला कशी काय चालेल?

चालते. मेथोकार्बामॉल हे कुत्रा, मांजर आणि घोडा या तिघांसाठी अमेरिकेत रीतसर मंजूर झालेलं औषध आहे. तिथं ते ‘रोबॅक्सिन-व्ही’ या नावानं प्राण्यांसाठी विकलं गेलं. आपल्याकडे प्राण्यांची वेगळी गोळी सहसा मिळत नाही, म्हणून पशुवैद्य माणसांसाठीची ५०० किंवा ७५० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. ‘रोबिनॅक्स’ हे त्यातलं ओळखीचं नाव. औषध तेच आहे. धोका आहे तो त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या पट्ट्यांचा. या लेखात मी सर्वांत जास्त जागा त्यालाच देणार आहे, कारण मेथोकार्बामॉल स्वतः बऱ्यापैकी सोशिक औषध आहे आणि प्राणी दगावतात ते बहुतेकदा त्याच्या सोबत्यांमुळे.

आधी समजून घ्या : हे औषध करतं काय

दुखापत झाली, मणक्यातली गादी सरकली किंवा स्नायूवर एकाएकी ताण पडला, की आजूबाजूचे स्नायू स्वतःहून आखडतात. शरीर दुखरा भाग हलू नये म्हणून तो आवळून धरतं. पण आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो, आणि दुखतं म्हणून आणखी आवळतो. मेथोकार्बामॉल थेट स्नायूवर काम करत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना सतत जाणारे ‘आखड, आखड’ असे संदेश ते कमी करतं. त्यामुळे स्नायू लुळा पडत नाही, सैल होतो. थोडी गुंगीही येते, आणि त्याचं कारणही हेच.

ते सूज कमी करत नाही. सरकलेली गादी जागेवर आणत नाही. खऱ्या अर्थानं वेदनाशामकही नाही. म्हणून ते बहुधा एकटं दिलं जात नाही. सोबत सूज आणि वेदना कमी करणारं, प्राण्यांसाठीचं दुसरं औषध असतं, आणि विश्रांती तर असतेच. ‘गोळी सुरू केली पण फरक नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गोळी दिलेली असते आणि विश्रांती दिलेली नसते.

पहिली पायरी : पट्टी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. ते बाजूला ठेवा. पट्टी उलटी करा, उजेडात धरा आणि बारीक अक्षरांत घटक कोणते छापलेत ते वाचा. तिथं फक्त मेथोकार्बामॉल आणि त्याचं प्रमाण असायला हवं, ५०० किंवा ७५० मिलिग्रॅम. घटकांच्या यादीत दुसरी ओळ असेल तर ती गोळी प्राण्याला द्यायची नाही. घरी येऊन मग वाचू असं करू नका. दुकानाच्या काउंटरवरच वाचा, म्हणजे तिथल्या तिथं बदलून घेता येईल.

हे एवढं ताणून सांगायचं कारण असं, की आपल्या बाजारात कंबरदुखीच्या गोळ्या बहुतांशी मिश्र असतात. स्नायू सैल करणारं एक औषध आणि त्याच्यासोबत पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक. माणसाला ते सोयीचं पडतं. प्राण्यांचं मात्र असं :

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. आपलं यकृत ज्या रीतीनं पॅरासिटामॉल निकामी करतं, ती यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. मग रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा भाग खराब होतो, हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. ‘पाव गोळी दिली तर?’ असं विचारणारे भेटतात. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाहीच, पाव नाही आणि चिमूटभरही नाही. चुकून गेलंच असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्यावर अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका बरा.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्याच्या जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकचं जनावरांना देणं तर भारतात २००६ पासून बंद आहे. औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून ही बंदी आली. २०२३ मध्ये असिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही जनावरांसाठी बंदी घातली गेली. तेव्हा ‘आमच्या आजोबांच्या गुडघ्याची गोळी म्हशीला दिली, फरक पडला’ या छापाच्या सल्ल्यांकडे कान देऊ नका. घोडेवाल्यांनी तर नाहीच.

दुसरा गोंधळ असा, की ‘मसल रिलॅक्संट’ या एका नावाखाली अनेक वेगवेगळी औषधं येतात. क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, टिझॅनिडीन, बॅक्लोफेन ही सगळी माणसाच्या कंबरेसाठी लिहिली जातात. केमिस्ट चांगल्या मनानं म्हणेल, “मेथोकार्बामॉल संपलंय, हे घ्या, तेच काम करतं.” घेऊ नका. बॅक्लोफेनची माणसाला सहज झेपणारी मात्रासुद्धा कुत्र्याला बेशुद्ध करून श्वास बंद पाडू शकते. बदली औषध हवं असेल तर दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावा आणि त्यांनी सांगितलेलं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या.

परदेशातल्या वाचकांसाठी : कॅनडात ‘रोबॅक्सासेट’ नावाची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. तिच्यात मेथोकार्बामॉलसोबत अॅसिटामिनोफेन असतं. अॅसिटामिनोफेन म्हणजेच पॅरासिटामॉल. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं. नावाच्या सुरुवातीवर अजिबात विसंबू नका.

दुसरी पायरी : डॉक्टरांना सगळं सांगा, न विचारता

दवाखान्यात गर्दी असते आणि प्रश्न घाईत विचारले जातात. म्हणून या गोष्टी तुम्ही आपणहून सांगा. मादी गाभण आहे का, पिल्लांना पाजतेय का. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास आहे का. इंजेक्शनच्या बाबतीत मूत्रपिंडाची माहिती फार महत्त्वाची, कारण ते औषध ज्या द्रावणात विरघळवलेलं असतं ते द्रावणच आजारी मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं. फिट येतात का. आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत. फिटसाठी फिनोबार्बिटल, दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा ट्रॅमाडॉल, प्रवासासाठी दिलेली गुंगीची गोळी, ही सगळी मेथोकार्बामॉलची गुंगी वाढवतात. एकत्र देतात, देता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवून द्यायला हवं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायू थकवणारा आजार असून त्यासाठी पिरिडोस्टिग्मीन चालू असेल, तर आवर्जून सांगा. मेथोकार्बामॉलमुळे त्या औषधाचा परिणाम कमी पडू शकतो.

आणखी एक. आधीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर ते लपवू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो हे सांगायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण स्टेरॉइडवर सूज कमी करणारं दुसरं वेदनाशामक पडलं तर जठर आणि आतड्याला भोकं पडण्यापर्यंत वेळ येते. हा दोष मेथोकार्बामॉलचा नाही, पण ते ज्या औषधांच्या जोडीनं दिलं जातं त्यांचा आहे.

तिसरी पायरी : वजन करा आणि हिशेब स्वतः पडताळा

मात्रा डॉक्टर ठरवतात. पण हिशेब तुम्हालाही कळायला हवा, म्हणजे ‘अर्धी’च्या जागी ‘दीड’ वाचलं गेलं तर लगेच खटकेल.

प्राण्यांसाठीच्या मूळ औषधाच्या माहितीपत्रकात कुत्रा आणि मांजरासाठी तोंडावाटे मात्रा अशी दिली आहे : पहिल्या दिवशी दर किलोमागे १३२ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत विभागून. दुसऱ्या दिवसापासून दर किलोमागे ६१ ते १३२ मिलिग्रॅम, तेही विभागूनच. ही पूर्ण दिवसाची मात्रा आहे, एका वेळची नव्हे. हे वाक्य पुन्हा वाचा.

१२ किलोचा कुत्रा घ्या. पहिल्या दिवसाचे १५८४ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ५०० ची एक गोळी दिवसातून तीन वेळा. पुढच्या दिवसांत ७३२ ते १५८४ च्या दरम्यान कुठं तरी. ४ किलोच्या मांजराला पहिल्या दिवशी जास्तीत जास्त ५२८ आणि नंतर २४४ ते ५२८. म्हणून मांजरासाठी चिठ्ठीवर बऱ्याचदा ‘पाव गोळी, दिवसातून तीनदा’ असं दिसतं. ५०० च्या गोळीचा पाव भाग १२५ मिलिग्रॅमचा, तीन वेळा ३७५. हिशेबात बसतं. हीच चिठ्ठी घेऊन दुकानात ७५० ची पट्टी मिळाली तर पाव गोळी १८७ मिलिग्रॅमची होते आणि दिवसाची बेरीज ५६० च्या वर जाते. गोळीची ताकद बदलली की तुकडाही बदलायला हवा.

म्हाताऱ्या किंवा अशक्त प्राण्याला, किंवा सोबत दुसरं गुंगीचं औषध असेल तर, डॉक्टर यापेक्षा कमी लिहितात. तुमच्या चिठ्ठीतला आकडा माझ्या आकड्यापेक्षा लहान असेल तर त्यात चूक शोधू नका. मोठा असेल तर फोन करून विचारा.

मांजराचं किंवा लहान कुत्र्याचं वजन घरी करायचं तर आधी एकटे काट्यावर उभे राहा, मग त्याला कडेवर घेऊन. फरक काढा. घोड्याला काट्यावर कोण चढवणार? त्यासाठी शिवणकामाचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांसल भागाच्या, मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० नं भागा. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर वजन साधारण २५५ किलो येतं. मोठ्या वयाच्या घोड्यासाठी हा अंदाज कामापुरता ठीक असतो, शिंगराला लागू पडत नाही.

चौथी पायरी : गोळी पोटात पोचवणं

कुत्र्यांचं सोपं आहे. भाकरीचा लोण्यात बुडवलेला तुकडा, उकडलेल्या चिकनचा लहान गोळा, पनीर. आधी एक रिकामा घास द्या, मग गोळीवाला, आणि तो तोंडात असतानाच तिसरा घास समोर धरा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावला जात नाही. जेवणासोबत दिली तर उलटीची शक्यताही कमी होते.

मांजराला वेळ द्यावा लागतो. गोळी कडवट आहे, आणि कापलेल्या कडेचा कडूपणा जिभेला लागला की तोंडातून फेस यायला लागतो. घाबरून लोक डॉक्टरांना फोन करतात. हा फेस बहुधा चवीचा असतो, पाच-दहा मिनिटांत थांबतो. तो टाळायचा असेल तर गोळी धारदार पात्यानं किंवा गोळी कापायच्या डबीत एकाच दाबात कापा, चुरा होऊ देऊ नका, आणि तुकड्याच्या सगळ्या बाजूंना लोणी लावा. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, मान तेवढी बाहेर. डाव्या हातानं गालफडांची हाडं वरून धरा, नाक छताकडे वळवा. खालचा जबडा आपोआप थोडा उघडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं तो आणखी उघडा आणि तुकडा जिभेच्या मागच्या उंचवट्यापलीकडे सोडा. तोंड मिटून धरा, गळ्यावरून बोट फिरवा. जीभ नाकावरून फिरली म्हणजे गिळलं. त्यानंतर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं हळूहळू ५ मिलिलिटर पाणी द्या, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथं जखम करते. हा पाण्याचा भाग बहुतेक जण वगळतात. वगळू नका.

रोजची झटापट झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. दुसरा मार्ग निघतो. अर्धवट दिलेल्या, थुंकलेल्या, ‘गेली असावी बहुतेक’ अशा मात्रांपेक्षा तो बरा.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन मात्रा एकदम कधीही देऊ नका.

पाचवी पायरी : पहिले दोन दिवस डोळा ठेवा

झोपाळूपणा, चालताना थोडी झोकांडी, जास्त लाळ, एखादी उलटी, एवढं अपेक्षित आहे. जिन्याला फाटक लावा, गच्चीचं दार बंद ठेवा, मांजराला कपाटावर चढू देऊ नका. गुंगीतल्या मांजराची उडी चुकते.

लघवीचा रंग गडद, तपकिरी किंवा हिरवट दिसू शकतो. या औषधानं ते होतं आणि ते निरुपद्रवी असतं. घोड्याच्या बाबतीत मात्र या वाक्यावर विसंबू नका, त्याचं कारण पुढं येतंय.

हाक मारल्यावर मान उचलत नसेल, उभं राहता येत नसेल, श्वास संथ आणि उथळ झाला असेल, उलट्या थांबत नसतील, तर पुढची मात्रा देऊ नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. किती वाजता किती दिलं हे कागदावर लिहिलेलं असेल तर फोनवर अर्धं काम होतं. घरात दोघं-तिघं गोळी देणारे असतील तर हा कागद फ्रिजवर चिकटवा. आईनं दिली, मग मुलीनंही दिली, हे फार सहज घडतं.

सहावी पायरी : विश्रांती, आणि डॅशहुंडवाल्यांसाठी दोन शब्द जास्त

लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली गादी सरकण्याचा त्रास खूप दिसतो. डॅशहुंड त्यात सर्वांत पुढे. मेथोकार्बामॉल ज्या कारणांसाठी लिहिलं जातं त्यांतलं हे एक मोठं कारण. आणि इथंच औषधाच्या गुणामुळे नवी अडचण उभी राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सैल होतात, दुखणं उतरतं, कुत्रा शेपूट हलवत सोफ्यावर चढायला जातो. घरचे खूश. आत गादी अजून तशीच फाटलेली असते. ती सांधायला आठवडे लागतात.

डॉक्टर ‘पिंजऱ्यात ठेवा’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ घरात मोकळा पण बाहेर नाही, असा नसतो. उभं राहता येईल, वळता येईल, आडवं होता येईल एवढीच जागा, आणि तीही किमान ४ आठवडे. लघवी-शीसाठी पट्टा लावून, उचलून बाहेर न्यायचं आणि उचलून आत आणायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून मागचा भाग लोंबकळत ठेवू नका. निसरड्या फरशीवर सतरंजी टाका. चाळीतल्या एका खोलीत हे कठीण जातं, मान्य आहे. पण लहान मुलाचा खेळण्याचा कठडा किंवा पलंगाखाली पुठ्ठ्यानं अडवलेला कोपराही चालतो. माझ्या मते या दुखण्यात गोळीपेक्षा त्या कोपऱ्याचं काम मोठं आहे.

आणि हे ओळखायला शिका : मागचे पाय एकमेकांत अडकणं, पंजा उलटा पडून वरच्या बाजूवर चालणं, पाय ओढत जाणं, लघवी न होणं किंवा नकळत होणं. यांतलं काहीही दिसलं तर ‘उद्याची गोळी लागू पडेल’ म्हणून थांबू नका. मज्जारज्जू दाबला जात असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याचा काळ तासांत मोजला जातो. पुणे-मुंबईबाहेर राहत असाल तर अशी शस्त्रक्रिया कुठं होते हे आधीच विचारून ठेवा.

घोड्यासाठी वेगळा विचार

घोड्याला घरच्या घरी गोळ्या देण्याचा विचार सोडून द्या, असंच मी म्हणेन. आकडेच पाहा. घोड्यासाठी मंजूर आहे ते शिरेतून द्यायचं इंजेक्शन : साध्या दुखण्यात दर किलोमागे ४.४ ते २२ मिलिग्रॅम आणि धनुर्वातासारख्या गंभीर अवस्थेत २२ ते ५५. द्रावणात दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. २५० किलोच्या घोड्याला साध्या दुखण्यासाठीसुद्धा ११ ते ५५ मिलिलिटर शिरेत जायला हवं. ते शिरेबाहेर गळलं तर तिथलं मांस पोळल्यासारखं होतं. तोंडावाटे पशुवैद्य देतात तेव्हा दर किलोमागे ४० मिलिग्रॅम धरलं तरी एका वेळेस ५०० च्या २० गोळ्या होतात. म्हणून ज्यांना ते परवडतं, ते भुकटी करून गुळाच्या पाण्यातून देतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीत, त्यांनी ठरवलेल्या दिवसांपुरतं.

घोड्यात हे औषध मुख्यतः दोन वेळा आठवतं. एक, पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आखडले असताना. दोन, ज्याला इंग्रजीत टाइंग-अप म्हणतात त्या झटक्यात. दोन दिवस काम नाही, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक मात्र रोजच्याइतकाच, आणि तिसऱ्या दिवशी एकदम जोराचं काम, असा त्याचा नेहमीचा इतिहास. घोडा मध्येच पाय आखडून उभा राहतो, घाम फुटतो, पुठ्ठे दगडासारखे कडक लागतात, पाऊल टाकत नाही. घोड्याची निगा राखणारा नवखा मोतद्दार त्याला पोटशूळ समजून फिरवायला घेतो. फिरवू नका. आहे तिथंच उभा करा, खोगीर उतरवा, उन्हात असेल तर सावली करा, पाणी पाजा, चंदी बंद करा, वाळलं गवत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

त्याची लघवी पाहा. कॉफीच्या रंगाची असेल तर स्नायू फुटून त्यातला रंग रक्तातून मूत्रपिंडात उतरतोय, आणि तो मूत्रपिंड बंद पाडू शकतो. मघाशी मी म्हणालो की मेथोकार्बामॉलनंही लघवी गडद होते. म्हणूनच घोड्याला औषध देण्याआधी लघवीचा रंग बघून ठेवायचा आणि डॉक्टरांना सांगायचा. औषध दिल्यानंतर दिसलेल्या गडद रंगाचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं. अशा घोड्याला सलाईनची गरज पहिली असते. पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक टोचणं मूत्रपिंडाला आणखी मारक ठरतं. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथं मोटारगाड्यांना बंदी आहे आणि बरीच भिस्त घोड्यांवर आहे, तिथं सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करण्याची सवय ही कोणत्याही इंजेक्शनपेक्षा स्वस्त आणि उपयोगी आहे.

शर्यतीचा किंवा स्पर्धेचा घोडा असेल तर आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या यादीत मेथोकार्बामॉल नियंत्रित औषध आहे, स्पर्धेच्या वेळी ते रक्तात किंवा लघवीत सापडता कामा नये. किती दिवस आधी थांबवायचं हे डॉक्टर आणि त्या स्पर्धेचे नियम यांनाच विचारा.

विषबाधेत हेच औषध जीव वाचवतं

घरातल्या गोळीचा आणि या भागाचा संबंध नाही. इथं काम इंजेक्शनचं, दवाखान्यातलं. पण हे माहीत असायला हवं, कारण वेळ तुमच्या हातात असते.

पहिली नेहमीची चूक : कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध मांजराला लावणं. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर काही तासांत मांजराचे कान, मिशा, कातडी थरथरायला लागते, मग सगळं अंग, मग फिट. त्या थरथरीवर मेथोकार्बामॉल चांगलं लागू पडतं आणि वेळेत पोचलेली बरीच मांजरं वाचतात. शुद्धीत असेल तर निघण्याआधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं ते औषध धुऊन काढा, पुसा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा. फिट येत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका.

दुसरी शेताकडची. मराठवाड्यात २०२२ मध्ये सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या तेव्हा गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरोघरी पोचल्या. बांधावर टाकलेल्या या गोळ्या कुत्र्याला खाऊ वाटतात. खाल्ल्यावर थरथर, ताप भडकणं, तोल जाणं, फिट. इथंही थरथर आवरायला मेथोकार्बामॉल वापरतात. उरलेला पुडा सोबत न्या, निदानाचा वेळ वाचतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. थरथरणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात ते उतरतं. अंग फार तापलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसत न्या.

अशा वेळी डॉक्टर शिरेतून दर किलोमागे ५५ ते २२० मिलिग्रॅम देतात. अंदाजे निम्मं औषध देऊन प्राणी सैल होताना दिसेपर्यंत थांबायचं, मग उरलेलं. वेग मिनिटाला २ मिलिलिटरच्या आत, आणि दिवसाची मर्यादा दर किलोमागे ३३० मिलिग्रॅम. निघतानाच दवाखान्यात फोन करून विचारा की मेथोकार्बामॉलचं इंजेक्शन आहे का. नसेल तर ते तुम्ही पोचेपर्यंत मागवून घेऊ शकतात, किंवा दुसऱ्या औषधाची तयारी ठेवतात. गावाकडे जवळ दवाखाना नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे.

शेवटची पायरी : थांबवायचं कधी

मूळ माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलंय : ५ दिवसांत फरक दिसला नाही तर औषध बंद करावं. बंद करून स्वस्थ बसायचं नाही, परत तपासणीला जायचं. निदान वेगळं असू शकतं. फरक पडला असेल तर डॉक्टर साधारण आठवडा-दोन आठवडे चालू ठेवतात. ठरल्या मुदतीआधी कुत्रा खेळायला लागला तरी गोळी आणि विश्रांती दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.

उरलेल्या पट्टीचा कोपरा, ज्यावर नाव आणि मुदत छापलेली असते, तो कापला गेला असेल तर त्या गोळ्या टाकून द्या. नाव दिसत असेल तर डबीवर प्राण्याचं नाव, तारीख आणि त्या वेळचं वजन लिहून लहान मुलांच्या हाताबाहेर, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वेळी लंगडताना दिसला तर ती डबी दवाखान्यात घेऊन जा. तपासणीच्या आधी ती उघडू नका.